सासऱ्याच्या नावाचं मीटर

त्याची वरात निघाली तेव्हा मी गॅलरीत उभी राहून व्हिडिओ काढला आणि इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या माझ्या भावाला पाठवून दिला. सोबत तीन हसरे चेहरे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी हक्क, कायदा वगैरे बरंच बोलणार आहे. ते बोलणारी बाई कोण होती, हे माहीत असलेलं बरं.

वरात म्हणजे पोलिसांनी काढलेली. इकडे तिला वरघोडा म्हणतात, तोच लग्नातला शब्द. कमरेला दोर, दोन्ही बाजूंना शिपाई, पुढे मोबाइल धरून उलटा चालणारा एक, मागे जीप. आरोपीला त्याच्याच गल्लीतून चालवायचं, कान धरायला लावायचे, उठाबशा काढायला लावायच्या, हात जोडून माफी मागायला लावायची. संध्याकाळपर्यंत गाणं चढवलेला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. कागदावर याला 'रिकन्स्ट्रक्शन' म्हणतात. गुन्हा कसा केला ते आरोपीने जागेवर दाखवायचं असतं. त्याने तो गुन्हा उठाबशा काढत केला होता अशी नोंद कुठे आहे का, असं मी नंतर लेखी विचारलं. उत्तर अजून यायचंय.

तो म्हणजे आमच्या गल्लीचा दादा. आमच्या लिंबायत वस्तीत प्रत्येक गल्लीला एक असतो, पण आमचा जरा जास्तच मेहनती. पाळी सुटली की कापडाच्या लूमवरून घरी येणाऱ्या मजुरांचे मोबाइल काढून घ्यायचा. दारूबंदीच्या राज्यात पोटलीतून दारू विकायचा. त्यासाठी पोलिसांशी संबंध चांगले लागतात, आणि त्याचे ते वर्षानुवर्षं उत्तम होते. गणपतीत कुणाची बाइक कुठे लावायची यावरून त्याने माझ्या भावाच्या कपाळावर कडं मारलं होतं. पाच टाके पडले. तक्रार द्यायला गेलो तर ठाण्यातल्या जमादारांनी समजावलं, शेजारधर्म आहे, मिटवून टाका.

मग ठाण्यातले साहेब बदलले. नव्या साहेबांना गुन्हेगारी मुळापासून उपटायची होती, आणि त्यांच्या फोनचा कॅमेरा चांगला होता. त्याच आठवड्यात आमच्या दादाने एका मजुराच्या हातावर चप्पू, म्हणजे चाकू, चालवला. त्याला पकडून नेलं ते मी पाहिलं, दूध आणायला गेले होते. तो दोन्ही पायांवर नीट चालत जीपमध्ये बसला. तिसऱ्या दिवशी वरातीत तो डावा पाय फरफटत होता. माझ्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. मी हसत असल्यामुळे चित्र थोडं हलतं, एवढंच.

सगळी गल्ली बाहेर आली होती. नवरात्रात येत नाहीत अशी माणसंही आली. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते ते बीडवाले काका. त्यांनी आयुष्यभर लूम चालवला, त्यामुळे त्यांना कानांनी कमी ऐकू येतं आणि ते स्वतः मोठ्याने बोलतात. "असंच पायजे," ते म्हणाले. "कोर्टाचं काय खरं नसतं." लंगडत जाणाऱ्याने मान वर करून बघितलं. त्याच्या दारात त्याची बायको उभी होती, आम्ही तिला वहिनी म्हणतो. तिने दार लावलं नाही, की तोंड फिरवलं नाही. साडीला लावायची लेसपट्टी हातात तशीच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं.

याला कारण आहे. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिथेच आमची संघटना आहे, म्हणजे साडेतीन माणसं. मी, मार्केटमधला एक हमाल, एक वकील, आणि अर्धा म्हणजे एक प्राध्यापक, जे फक्त हॉलमधल्या सभेला येतात. मी लिहायला शिकले ती पत्रकांवरच. पत्रकातलं प्रत्येक वाक्य मूठ आवळून उभं असतं, आणि तशी वाक्यं लिहिता लिहिता माणूसही तसाच उभा राहायला लागतो. चहाच्या टपरीवर सुद्धा. पोलिसांना शिक्षा द्यायचा अधिकार नाही हे मी कितीदा लिहिलं होतं, त्याच्यासारख्या माणसाबद्दल मात्र अजून लिहिलं नव्हतं. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते सगळे गरीब, बिचारे, निर्दोष. हा गरीबही नव्हता, बिचाराही नव्हता, आणि निर्दोष तर त्याच्या आईनेही त्याला कधी म्हटलं नसेल. रात्रभर मला तो पाय दिसत राहिला आणि माझे तीन हसरे चेहरे दिसत राहिले. सकाळी मी मथळा लिहिला: 'दोर कुणाच्याही कमरेला बसतो.'

आईने भाकरी थापता थापता वाचलं. आम्ही धुळ्याकडचे. घरात आई अहिराणीच बोलते आणि रागावली की जास्तच.

"त्यानी मन्हा आंडोरनं कपाळ फोडं," ती म्हणाली, "आन तू त्यानासाठे कागद छापी राहिनी?"

"त्याच्यासाठी नाही आई, कायद्यासाठी."

"कायदाले टाके पडनात का?"

मी पत्रकं घेऊन बाहेर पडले. काकांनी एक घेतलं, पूर्ण वाचलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली सरकवलं. "बसलं बरोबर," म्हणाले.

दोन दिवसांनी वहिनीच्या घराची लाइट गेली. गेली म्हणजे नेली. जमादार आणि वीज कंपनीची दोन माणसं शिडी घेऊन आले आणि मीटर काढून पिशवीत घालून घेऊन गेले. मी दुकानात होते. आई ओट्यावर साडीला टिकल्या चिकटवत बसली होती, तिने अथपासून इतिपर्यंत पाहिलं. नोटीस नव्हती. वहिनीने विचारलं तर जमादार म्हणाले, घर गुंडांच्या यादीत आहे. आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "या घराला जो वायर देईल, त्याचं नावही यादीत जाईल."

वहिनीसाठी याचा अर्थ सरळ होता. ती घरी लेसपट्टीचं काम करते. मशीन मोटरचं, आणि ते तिचं नाही, काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं. शनिवारी त्याचा माणूस तयार साड्या न्यायला येणार होता. साड्या नसल्या तर तो मशीन उचलून दुसऱ्या घरात ठेवणार. नवरा आत, मशीनही गेलं तर घरात काय राहणार ते तिने मला बोटं मोजून सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आज मंगळवार ना?"

मी ठाण्यात गेले. जमादार चहा पीत होते.

"यादी दाखवा," मी म्हटलं.

"यादी खानगी छे, बेन."

"मग माणसाला कळणार कसं, की आपण यादीत आहोत?"

त्यांनी खरोखर विचार केला. "लाइट गई तो समझ जाने का," ते म्हणाले.

हे वाक्य मी दुकानात येऊन लिहून ठेवलं. माझ्या कुठल्याच पत्रकात इतकं चांगलं वाक्य नाही.

तोपर्यंत गल्लीत एक वेगळीच गडबड सुरू झाली होती. वहिनीच्या घरामागे सहा खोल्या आहेत. तिथे बीडचे, लातूरचे, यवतमाळचे लोक राहतात, काका त्यांतलेच. त्या खोल्यांना कागदपत्रं नाहीत म्हणून कंपनी मीटर देत नाही. त्यांची लाइट कुठून येते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. दादाच्या मागच्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड होता, त्यात सहा पिना, सहा वायरी. ही सोय दादाची नव्हे, त्याच्या वडिलांची. ते लूमवर मास्तर होते. गावाकडून आलेल्या माणसाला आधी काम आणि मग दिवा देणारे. मीटर त्यांच्याच नावावर होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मीटर तेवढं राहिलं.

म्हणजे ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या डोक्यावरचा पंखा त्याच्याच घरातल्या लाइटवर फिरत होता. आणि शिडी दिसल्यावर काकांनी काय केलं? धावत मागे गेले आणि सहाच्या सहा पिना उपटून, वायरी गुंडाळून पलंगाखाली टाकल्या. चोरीची लाइट सापडू नये म्हणून. त्यामुळे कंपनीच्या माणसांना एकही बेकायदा वायर दिसली नाही, आणि मीटर का काढलं हा रकाना भरायला त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. त्यांनी तो कोरा सोडला. पुढे तो कोरा रकाना आम्हाला फार उपयोगी पडला. काकांनी पोलिसांच्या बाजूने एवढी धावपळ केली नसती तर मी केस हरले असते.

मीटर गेल्यावर मागे अंधार झाला. पण अंधाराचं फारसं कुणाला वाटलं नाही, दिवसाचं वाटलं. त्या खोल्यांतले निम्मे लोक रात्रपाळीचे. बारा तास लूमसमोर उभं राहून आलेला माणूस दिवसा पत्र्याखाली पंख्याशिवाय झोपू शकत नाही. बुधवारी दुपारी ते लाल डोळ्यांनी ओट्यासमोर येऊन बसले. पुढे काका, हातात माझंच पत्रक. पलंगाखालून काढून आणलेलं.

"हे बरोबर लिहिलंय तू," काका म्हणाले. "नोटीस द्यायला पाहिजे होती."

"कुणाला?"

"आम्हाला. त्याला कशाला?"

"काका, वायर त्याच्या घरातून येत होती."

"त्याच्या बापाच्या," काका म्हणाले. "तू असा कागद लिही, की आमची लाइट चालू करा आणि त्याची बंदच राहू द्या."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एक म्हणाला, जमत असेल तर त्यातच पंखा तीन नंबरवर चालेल असंही लिही. हसले सगळे. उन्हात बसून हसत होते, त्यात मीही.

मी अर्ज लिहिला तो मात्र वहिनीचा. मीटर मयत सासऱ्याच्या नावावर, घरात सून राहते, तिच्या नावे करा आणि तोवर जोडणी पूर्ववत करा. मी त्यात एक वाक्य घातलं होतं, ज्यावर मी खूश होते: 'सदर ग्राहकाने कोणताही गुन्हा केलेला नाही आणि आता तो करूही शकत नाही.' आमच्या वकिलांनी हेल्मेट न काढता अर्ज वाचला आणि त्या वाक्यावर काट मारली.

"का? इतकं चांगलं वाक्य."

"म्हणूनच. कंपनीतला साहेब हसेल, चार जणांना वाचून दाखवेल आणि फाइल ठेवून देईल." मग त्यांनी दुसरं वाक्य वाचलं. 'अर्जदाराचा पती सराईत गुन्हेगार असला, तरी त्याची शिक्षा ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, लाइनमनचा नाही.' ते त्यांनी राहू दिलं. "आता शेजारचा एक साक्षीदार हवा. मीटर नोटिशीशिवाय नेलं हे ज्याने पाहिलं असा. सही, पत्ता, आधार कार्ड."

मी मागच्या खोल्यांत गेले. सहाही दारांत मला चहा मिळाला आणि सही कुठेच मिळाली नाही. सही केली की पत्ता जाणार. पत्ता गेला की तिथे मीटर नाही हे निघणार. मग विचारतील, तुझा पंखा कशावर चालत होता? आणि वर यादी आहेच. "मी काही केलं नाही," काका म्हणाले. "माझं नाव कशाला जाईल यादीत?" "तेच म्हणतेय मी," मी म्हटलं, "मग करा ना सही." काकांनी कानामागे हात धरला आणि त्यांना अचानक काहीच ऐकू येईनासं झालं.

वरातीच्या दिवशी मला यांचा राग आला नव्हता, तेव्हा मी त्यांच्यातच होते. आता आला. पत्रकात ज्याला जनता म्हणतात ती ही सहा दारांत उभी होती, बनियनवर, आणि तिला झोप हवी होती, सही नको होती. घरी येऊन मी आदळआपट केली. गुरुवार संपत आला होता. समोर वहिनी दाराच्या उजेडात हाताने लेसपट्टी शिवत होती. हाताने एक साडी होईपर्यंत मशीनवर दहा होतात. ती ते मला दाखवण्यासाठी करत नव्हती, आणि म्हणूनच माझ्याने तिकडे बघवत नव्हतं.

आई टिकल्या चिकटवत होती. वर न बघता म्हणाली, "कोठे सही करनी शे?"

मला वाटलं टोमणा आहे. "तू? त्याच्यासाठी?"

"त्यानासाठे कसाले. मीटरसाठे." तिने बोटाचा गोंद पुसला. "आपलं मीटर नव्हतं तवय त्याना बापनी आपलेबी वायर दिधी व्हती. तू पोटमा व्हती."

हे मला माहीत नव्हतं. आमच्याच घरात पहिला दिवा त्या बोर्डावरून लागला होता, आणि मी इतकी वर्षं लोकांना एकजुटीवर पत्रकं वाटत होते.

आईने सही केली. मराठी अक्षरात, एकेक अक्षर उभं करत. मग म्हणाली, हे भावाला सांगू नको. मी सांगितलं नाही, तिनेच रात्री फोनवर सांगितलं. पलीकडून भाऊ बराच वेळ बोलला. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुन्हा कपाळना हिशोब येगळा शे. तो मी सोडेल नही."

शुक्रवारी आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. मी, वहिनी, वकील. इंजिनिअर भला माणूस होता. "बेन, पुलिस का लेटर है, हम क्या करें," म्हणाला. वकिलांनी लेटर मागितलं. ते तोंडी होतं. मग मीटर काढल्याचा कागद मागितला. त्यातला कारणाचा रकाना इंजिनिअरने दोनदा पाहिला, कागद उलटा करून मागेही पाहिलं. मग त्याने वहिनीला विचारलं, सासरे काय करायचे?

"मास्तर होते," वहिनी म्हणाली. "लोकांना लाइट द्यायचे."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. इंजिनिअरने अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाला, काल आणखी दोन घरांची अशीच मीटरं आली आहेत, ठेवायला जागा नाही.

शनिवारी सकाळी तीच शिडी आली, तेच दोघे आले, पिशवीतून तेच मीटर निघालं. जमादार आले नाहीत. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस आला तेव्हा मशीन चालू होतं. निम्म्याच साड्या तयार होत्या. तो कुरकुरला आणि सोमवारी येतो म्हणून गेला. मशीन राहिलं. संध्याकाळी काकांनी पलंगाखालच्या वायरी काढून सहाही पिना परत बोर्डात खोचल्या.

वरातीचं काय झालं, तेही सांगते. वकिलांनी वेगळी तक्रार केली. पुरावा म्हणून माझा व्हिडिओ जोडला आणि तो कुणी कधी पाठवला हे दिसावं म्हणून फोनच्या पडद्याचा फोटोही जोडला, भावाचं नाव पुसून. माझे तीन हसरे चेहरे सरकारी फाइलमध्ये आहेत, पान क्रमांकासह.

महिन्याभराने तो जामिनावर सुटला. काठी घेऊन आमच्या ओट्यापाशी आला. आई आत निघून गेली, पातेली जोरात वाजवायला लागली.

"त्या अर्जात तू मला सराईत लिहिलंस," तो म्हणाला.

"आहेसच की."

"वकिलाने बायकोसमोर वाचून दाखवलं. तेवढं काढता आलं नसतं?"

"नाही. चांगल्या माणसासाठी कुणीही अर्ज करतो."

तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "आणि ते फोटोतले हसरे चेहरे. हसायला आलं होतं तुला?"

"हो."

"पाय ओढतोय ते नीट दिसतंय ना पण?"

"दिसतंय."

"मग राहू दे." तो वळला. धन्यवाद वगैरे म्हणाला नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती असं मी सगळ्यांना सांगते.

त्याच संध्याकाळी त्याने मागच्या बोर्डातल्या सहाही पिना उपटल्या. "टाळ्यांवर लावा पंखे," म्हणाला. काका तरातरा माझ्याकडे आले. अन्याय, माणुसकी, म्हाताऱ्या माणसाचे हाल. माझ्या पत्रकातले तीन शब्द त्यांनी बरोबर वापरले. मग म्हणाले, नव्या साहेबांना फोन लाव, पुन्हा एकदा काढा म्हणावं याची वरात. मी कागद पुढे ओढला आणि म्हटलं, खोल्यांना स्वतःचं मीटर मिळावं म्हणून अर्ज लिहिते, सहा सह्या लागतील. काका म्हणाले, विचार करून सांगतो. तो विचार अजून चालू आहे.

दरम्यान वहिनीने मार्ग काढला, आणि अर्ज न करता. तो रोज दहाच्या सुमारास बाहेर पडतो, आता पोटलीचं काम बंद आहे असं म्हणतो. तो कोपऱ्यावर वळला की वहिनी मागच्या भिंतीशी जाते आणि सहा पिना बोर्डात खोचते. सहाला तो यायच्या आधी काढून ठेवते. मधल्या वेळात रात्रपाळीवाले झोपून घेतात. मागच्या खोल्यांना सध्या लाइट सरकारी ऑफिसच्या वेळेत असते, फक्त रविवारची सुट्टी नाही. काल मी सह्यांचं विचारायला गेले, तर काका पंख्याखाली पाय पसरून बसले होते. मला म्हणाले, "तुझ्यासारख्या लोकांमुळे असले गुंड सुटतात." पंखा तीन नंबरवर होता.